सुमनताईंना दिलेला चुकीचा कोड

गेल्या आठवड्यापर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं — नवऱ्यालासुद्धा नाही.

नाशिकच्या एका बँकेत मी काउंटरवर बसते. सुमनताई आमच्या जुन्या खातेदार. मखमलाबादला त्यांची गुलाबाची शेती. नवरा गेल्यापासून एकट्याच बघतात. एकुलती मुलगी कविता जर्मनीत नर्स. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि मायलेकींचं बोलणं तुटलं. वर्षभरानं कवितानंच फोन केला — आई, गुलाबांवरच्या शेडनेटच्या जाळीसाठी पैसे पाठवते. मला हे सांगताना सुमनताईंचा चेहरा असा फुलला होता! "तिकडून पैसं यायला कसला तरी कोड लागतो म्हणं, म्याडम."

कसला ते मला नीट माहीत नव्हतं. देशातल्या व्यवहारांचा आयएफएससी तोंडपाठ. पण परदेशातून पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो, त्यात आधी बँकेची अक्षरं, मग देशाची, मग ठिकाणाची — हे मी पुढे शिकले. प्रत्येक शाखेला तो असतोही असं नाही. आमच्या शाखेला नव्हता. मोठ्या शाखेचा द्यायला हवा होता. विचारायचं होतं ना कुणाला तरी? पण इतकी वर्षं नोकरी झाल्यावर 'मला येत नाही' म्हणायचं — कसं? ड्रॉवरमधल्या जुन्या यादीतून एक कोड उतरवून दिला. तो ज्या शाखेचा होता, ती केव्हाच बंद झालेली.

पैसे आले नाहीत. सुमनताई तीनदा येऊन गेल्या. तिसऱ्या खेपेला मी यादी पुन्हा पाहिली आणि चूक लक्षात आली — हो, त्या समोर उभ्या असतानाच. आणि मी काय म्हणाले?

"मुलीनं पाठवलेच नसतील, ताई."

त्यांनी पासबुक पिशवीत टाकलं नि निघाल्या. त्या दिवसापासून त्यांनी कविताचा फोन घेतला नाही. पैसे परत आल्याचं सांगायलाच ती फोन करत असणार, हे मला कळत होतं — त्यांनी तिचे मेसेजही उघडले नाहीत. पुढे तिनंही नाद सोडला. हे सगळं सुमनताईच मला सांगायच्या, आणि मी — मी मान हलवायची. दोन वर्षं.

गेल्या आठवड्यात सुमनताई आपल्या खात्यावरून कविताचं नॉमिनी म्हणून लावलेलं नाव काढायचा फॉर्म घेऊन आल्या. सही करून. मी शिक्का उचलला, पण मारता येईना.

"ताई, कवितानं पैसे पाठवले होते. कोड मी चुकीचा दिला. मला तेव्हाच कळलं होतं — तरी तिच्यावर ढकललं."

त्यांनी मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "मला नाय. तिला सांगा."

सांगितलं. ताईंच्या मागे रांग उभी होती, सगळ्यांसमोरच. मग कविता हळूच म्हणाली, "आई आहे का तिथे?"

सुमनताईंनी फोन ओढून घेतला. "हाय ना. बोल, बाई."

तिथेच बाकावर बसून त्या तासभर बोलत होत्या. रडल्या, एकदा मोठ्यानं हसल्याही. मग उठून काउंटरवर आल्या, फॉर्म मागून घेतला आणि फाडला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहावं असं मी काही केलंही नव्हतं.