मामाजींचं विमान

नातसून तान्ह्याला घेऊन अमेरिकेला निघालीय. तिने बॅगेत ओव्याची पुरचुंडी ठेवली आणि त्या वासाने मी वऱ्हाडातल्या सासरी, अमडापूरला पोचले.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. यजमान लंडनला होते. तीन वर्षांच्या सुधाला आणि तान्ह्या विलासला घेऊन मला एकटीने विमानाने जायचं होतं. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, मी नाही जात. लेकरं रडले त काय करू?"

त्यांनी बैलगाडी जुंपली, गोधडी अंथरली, विलासच्या पोटासाठी ओव्याची पुरचुंडी ठेवली आणि आम्हाला बसवलं. "हे विमान हाय सुधे. उतरायचं नाही."

दुपारभर गाडी शिवारात फिरली. सुधाने उतरण्यासाठी आकांत मांडला. मामाजी थोड्या थोड्या वेळाने तिच्या हातात काहीतरी नवीन देत गेले. कधी कापसाचं बोंड, कधी बैलाचं घुंगरू. सुधा खेळात रमली, विलास मांडीवर झोपला.

मामाजी मला म्हणाले, "पाह्य, रडलं अन् थांबलंबी. आता काऊन भेतं?"

पुढे खऱ्या विमानात मी तसंच केलं. सुधा दोनदाच रडली.

मामाजींना दुसरी नातवंडं नव्हती, हे त्या दुपारी माझ्या ध्यानातही आलं नाही.