न दिलेलं शहाळं

दाजींशी माझं शेवटचं बोलणं झालं ते शहाळ्यावरून. बारामतीच्या दवाखान्यात ते पडून होते. पाय सुजलेले, हातांना सारखे पेटके येत होते. कळस या त्यांच्या गावाहून त्यांची आई, मी त्यांना मावशी म्हणतो, पिशवीभर शहाळी घेऊन आल्या होत्या, आणि माझी बहीण सुमनअक्का दारातच ती पिशवी अडवून धरून उभी होती. दाजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "पाव्हणं, तुमची बहीण लई कडक हाय. घोटभर आणा की चोरून..." मी ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसले. त्याच संध्याकाळी ते गेले.

दाजी शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. बारामतीत भाड्याचं दुकान आणि मागं एक खोली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी शिकायला त्यांच्याकडं आलो तेव्हा दाजींनी तांब्याच्या तारेची बंडलं फळीवरून काढून पलंगाखाली सरकवली आणि ती फळी माझ्या पुस्तकांना दिली. निकालाच्या दिवशी म्हणायचे, "नापास झाला तर वायंडिंगला बसा, बिनपगारी." मी पदवीधर झालो तेव्हा मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत सुटले, "ह्यो आमचा ग्रॅज्युएट." एक म्हातारबा वैतागून म्हणाले, "आरं, मग माझी मोटार ह्यो भरणार हाय का तू?" दाजी पोट धरून हसले होते. आज माझ्या नावापुढे जी अक्षरं आहेत, ती त्या फळीवर आली.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं पोट जड वाटू लागलं. भूक गेली. तपासणीत फुप्फुसात आणि यकृतात गाठी दिसल्या. तुकडा काढून तपासायला पाठवला, पण रिपोर्ट यायच्या आधीच लघवी जवळजवळ बंद झाली. डॉक्टरांनी अक्काला आणि मला बसवून समजावलं. गाठ इतक्या वेगानं वाढत होती, की तिच्यातल्या पेशी आपोआप फुटत होत्या. त्यांच्यातला सगळा माल रक्तात उतरत होता, त्यानं मूत्रपिंडं बंद पडली होती आणि पोटॅशियम वाढलं होतं. ते आणखी वाढलं तर हृदय थांबेल. रक्ताच्या कॅन्सरमध्ये औषध सुरू झाल्यावर असं होतं. अशा घट्ट गाठीत, औषधाचा थेंबही न देता, फार क्वचित. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून ते बंद. एकदा डायलिसिस झालं, पण गाठी फुटतच राहिल्या.

हे सगळं दोन माणसांना कळलं होतं. दवाखान्यात भेटायला आलेल्या गावानं पाहिलं ते दारातल्या अक्काला. दहाव्याला कळसमध्ये सगळ्यांसमोर मावशी म्हणाल्या, "माझं लेकरू पानी पानी करत गेलं, आन् हिनं घोट दिऊ दिला न्हाय." अक्का मान खाली घालून बसली. त्या दिवसापासून मावशी सुनेच्या हातचं खाईनात, वेगळी चूल मांडली. अक्का मला एकदाच म्हणाली, "दिलं असतं तर ते जगलं असतं का रं?"

मी डॉक्टरांना पुन्हा जाऊन भेटलो आणि तिथून थेट कळसला गेलो. मावशींना सगळं सांगितलं, त्यांना समजेल तसं, दोन-दोनदा.

"औषिध न देता गाठ फुटती व्हय?"

"फुटली, मावशी. पुढचं डायलिसिस होईपर्यंत तग धरावा म्हणून अक्कानं अडवलं. तुमचं शहाळं दिलं असतं, तर तेवढाही वेळ मिळाला नसता."

"आन् लेकरू मागत व्हतं तवा... हिला काय वाटलं आसंल?"

अक्का आपल्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मावशी तिच्याकडं वळून म्हणाल्या, "सुमन, चा टाक." दाजी गावी आले, की मायलेक एकाच कपातला चहा प्यायचे. कप आईचा, बशी लेकाची. ते गेल्यापासून मावशींनी चहा सोडला होता. अक्कानं कपबशी आणून समोर ठेवली आणि मागं सरली. मावशींनी अर्धा चहा बशीत ओतला, बशी अक्काकडं सरकवली.

"घे. निवतूया."