भरल्या आप्पेपात्राचे बळी

अन्याय माझ्या आईवर झाला. ईदच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, भोरमध्ये, आमच्याच स्वयंपाकघरात. त्या वेळी तिचं बारा खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र शेजारी गेलं. (नेऊन देणारी मीच. पण तो मुद्दा वेगळा.)

शेजारी जैबुनचाची राहतात. त्यांचा मुलगा मोंबासाच्या बंदरात नोकरीला. त्याची बायको शमीमभाभी जन्मापासून मोंबासाची, आणि यंदा रमजानात पहिल्यांदाच सासरी आलेली. ईदला तिला विटुंबुआ करायचे होते. तांदूळ वाटायचे, नारळाचं दूध, साखर, वेलची घालून आंबवायचे आणि खळग्यांत भाजायचे.

"म्हणजे गोड आप्पेच की!" मी म्हटलं.

भाभीने असं पाहिलं, की मी शब्द मागे घेतले. (मी! तहसील कचेरीसमोरच्या मोर्चातसुद्धा कधी घेतले नव्हते.)

आईची अट एकच. "रविवारच्या आत द्या बरं का. वेल्ह्यात पाककृतीची स्पर्धा हाय. तीन वर्सं उत्तेजनार्थ घेऊन आले. औंदा पैलाच नंबर घेणार म्या."

ईदच्या दिवशी दुपारी पात्र परत आलं. भरलेलं! बारा खळगे, बारा विटुंबुआ.

"मोंबासात आमच्या गल्लीत रमजानभर संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी नुसती ताटं फिरतात," भाभी सांगत होती. "ह्यांचे समोसे त्यांच्याकडे, त्यांची नारळातली तूर ह्यांच्याकडे. स्वतःचं केलेलं स्वतः खातो कोण? आणि ताट रिकामं परत केलं, की भांडणच!"

"आमच्यात बी तसंच," आई म्हणाली. तिथेच घात झाला.

भाभी गेल्यावर आईने तिखट आप्पे करून पात्र पुन्हा भरलं. मी समजावलं, "अगं, पात्र आपलंच आहे. ते परत कुणाला द्यायचं?"

"भरून आलं न्हवं?"

"आलं."

"मग रिकामं ठेवायचं व्हय?"

"आपल्याच ओट्यावर!"

"तू जा, पत्रकं वाट."

पात्र शेजारी गेलं. गुरुवारी ते परत आलं, कैमाती, म्हणजे पाकात घोळलेले तळलेले मैद्याचे गोळे, घेऊन. आईने करंज्या पाठवल्या. शुक्रवारी नारळाच्या दुधातली तूर आली. तीही खळग्याखळग्यात, पळीपळीने ओतलेली! (ती सांडू न देता घरात आणणं हे माझ्या सार्वजनिक जीवनातलं सर्वांत जबाबदारीचं काम.)

शनिवारी, आईच्या शंकरपाळ्यांनी भरलेलं पात्र घेऊन मी थेट चाचींकडे मोर्चा नेला. "चाची, हे थांबवा. ह्या वेळी रिकामं द्या!"

"ईदच्या दिवसांत? रिकामं? लोक काय म्हणतील गं?"

"कुठले लोक? मध्ये फक्त भिंत आहे!"

मग मी माझं 'अन्नाची नासाडी थांबवा' हे पत्रक त्यांच्या हाती दिलं. चाचींनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मान डोलावली, आणि त्यातच दोन गरम महामरी बांधून मला दिल्या. महामरी म्हणजे वेलची घालून तळलेली गोडसर पुरी. घरी येईपर्यंत दोन्ही संपल्या होत्या. नासाडी झाली नाही.

रविवारी सकाळी एसटीला वीस मिनिटं उरली असताना पात्र आलं. पुन्हा विटुंबुआ!

"वाटेत खाऊन रिकामं करू," मी म्हणाले. आम्ही निघालो. एका हातात पात्र, दुसऱ्या हातात आईच्या पिठाचा डबा. नसरापूर येईपर्यंत मी तीन खाल्ले. पुढे पोटाने संप पुकारला. आईने एकही खाल्ला नाही. ती पिठाकडे बघत होती. पीठ फुगून झाकण उचलत होतं. आईसुद्धा, दर दोन मिनिटांनी.

वेल्ह्यात आई शेगडीसाठी रांगेत उभी राहिली आणि पात्र टेबलावर ठेवून मी राखणीला बसले. तेवढ्यात परीक्षक आले आणि न विचारता एक उचलून तोंडात टाकला.

"वा! कुणी केलेत?"

"आम्ही नाही केलेले!" मी ओरडले.

"विनय बघा पोरीचा!"

"साहेब, खरंच. हे मोंबासाच्या शमीमभाभींचे आहेत!"

"परदेशी पाककृती?" म्हणत त्यांनी आईच्या नावापुढे आणखी गुण लिहिले.

पहिला नंबर. बक्षीस, पाच पुडांचा स्टीलचा डबा. आईची शेगडी पेटायच्या आत निकाल लागला होता!

परतीच्या एसटीत नसरापूरपर्यंत आई बक्षिसाचा डबा पदराने पुसत होती. मग म्हणाली, "डबा तिचाय. तिला देऊन टाकू."

"शाब्बास! आत्ताच देऊ."

"देऊ की. पर रिकामा कसा द्यायचा?"

त्या संध्याकाळी उरलेल्या पिठाचे सगळे आप्पे पाच पुडांत भरून शेजारी गेले. भाभीने एक खाल्ला आणि भिंतीपलीकडून ओरडली, "मावशी, पहिला नंबर ह्याचा!" आई चार वर्षांत पहिल्यांदा स्पर्धेवरून हसली. सोमवारी डबा परत आला. पाचही पुडं भरून.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी स्पष्ट आहे. तुमच्या घरात शेजाऱ्याचं भांडं असेल तर ते आज, आत्ता, पूर्ण रिकामं परत करा! कुणीतरी सुरुवात करायलाच हवी. मीच केली असती, पण आईने बजावलंय, रिकामं भांडं देणाऱ्या पोरीचं ताटही रिकामंच राहील. आणि आज कैमाती आहेत.