न घसरणारी काठी

सरकारी योजनेत काम केलं की फायली कपाटात जातात आणि किस्से डोक्यात राहतात. कपाट भरलं तर दुसरं मागवता येतं, डोक्याचं काय करायचं? म्हणून सांगून टाकतो.

विद्यापीठात आमचा छोटासा कक्ष आहे. लघुउद्योजकाने अडचण आणायची, प्राध्यापकाने ती सोडवायची, खर्चाला सरकारचा हातभार. विश्रांतवाडीच्या ओव्हाळ मॅडम अशाच आल्या. काठीच्या टोकाला बसतं ते रबरी टोपण त्यांच्या कारखान्यात बनतं. त्यांची आई ओल्या फरशीवर काठीसकट घसरली, हाड मोडलं. तेव्हापासून मॅडमनी न घसरणाऱ्या टोपणाचा ध्यासच घेतला. आमचे लेले सर रबरातले तज्ज्ञ. ते लगेच तयार झाले.

* * *

सरांनी चाचणीसाठी विभागाच्या व्हरांड्यात साबणाचं पाणी ओतलं. मी पाटी लावली : "साबण सांडला आहे. मुद्दाम."

विभागप्रमुख आले, पाटी वाचली आणि तरीही घसरले! उठून, पँट झटकत म्हणाले, "मुद्दाम कोणासाठी, तेवढं लिहायचं राहिलंय!"

* * *

पहिलं टोपण फरशीला असं चिकटलं की काठी उचलली तर टोपण खालीच! मॅडम म्हणाल्या, "सर, चालायची काठी करतोय ना? हा खांब झाला!"

सरांचा चेहरा पडला. पण दोघांनी महिनाभर खपून रबर बदललं, तळाला खाचा पाडल्या. टोपण सुटायलाही लागलं आणि धरायलाही.

* * *

मग तपासणीला सरकारी अधिकारी आले. "यात नावीन्य काय?"

मॅडमनी काठी त्यांच्या हातात दिली आणि ओली फरशी दाखवली. साहेब जपून गेले, झोकात परत आले. निघताना हळूच म्हणाले, "सासूबाईंसाठी एक मिळेल?"

"मिळेल की! पण आत्ता दिली तर लाच होईल, साहेब!"

साहेब खळखळून हसले. "मंजुरीनंतर द्या. आणि बिल फाडा!"

मंजुरी आली. पहिली काठी मॅडमच्या आईला, दुसरी सासूबाईंना.

* * *

बाकीच्या काठ्या आम्ही ज्येष्ठ नागरिकांना वापरून बघायला दिल्या. खडकीचे एक आजोबा पंधरवड्यात काठी परत घेऊन आले. ओव्हाळ मॅडम धास्तावल्या.

"आजोबा, घसरलात का?"

"छे!"

"पकड सैल वाटते?"

"उत्तम आहे."

"मग परत का देताय?"

"अहो, पूर्वी मी घसरेन म्हणून मुलगा रोज संध्याकाळी हात धरून फिरायला न्यायचा. आता म्हणतो, बाबा, तुम्ही या जाऊन!"