फक्त दगड आणि वारा

शिरीष मंगळवारी गेला. ऑफिसला निघाला होता, ट्रामच्या थांब्यावर पडला.

त्यानंतर जर्मनीतल्या आमच्या कार्ल्सरूहेच्या कचेऱ्यांनी मला इतकी पत्रं पाठवली, की रडायचं तर टेर्मिन, म्हणजे आगाऊ वेळ, घेऊनच रडावं लागलं असतं. मी सगळ्यांना उत्तरं दिली. वर्ष संपत आलं तेव्हा लक्षात आलं, की माझ्या नवऱ्याची सही घरात ढीगभर कागदांवर आहे, आवाज मात्र कुठेच नाही. हा माणूस फोनवर बोलायच्या ऐवजी अंगठा पाठवायचा. 'दूध आणतोस का?' अंगठा. 'आई आजारी आहेत.' अंगठा. (नंतर खुलासा: 'तिकीट काढतो, या अर्थी.')

आवाज असलाच तर एका ठिकाणी असणार होता. कॅन्यनच्या फिल्ममध्ये.

शिरीषने लहानपणी पुण्यात घोडेस्वारांचे सिनेमे पाहिले होते. नायक आणि बंदुका तो विसरला. मागचे तांबडे कडे आणि रिकामं वाळवंट तेवढं डोक्यात राहिलं. पन्नाशीला त्याने कॅमेरा घेतला आणि आम्ही अमेरिकेतल्या त्या प्रदेशात आठ दिवस गाडीने फिरलो. त्याला फिल्म करायची होती. माणसं नकोत, संगीत नको, फक्त दगड आणि वारा. परत आल्यावर त्याने ती कोणालाही दाखवली नाही. का, ते मी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला सासूबाई पुण्याहून आल्या. गेर्लिंगेनहून धाकटा दीर मकरंद प्रोजेक्टर घेऊन आला. जेवणं झाल्यावर माझ्या मुलीने, इराने, पडदे ओढले. सासूबाईंनी कानाच्या यंत्रात नवी बॅटरी घातली.

"आज त्याचा आवाज ऐकायचाय मला," त्या म्हणाल्या.

भिंतीवर तांबडा कडा उगवला. खरंच सुंदर होता. वाऱ्याचा आवाज आला आणि त्याच्यापाठोपाठ माझा.

"हा थर बघ, वालुकाश्म. पुस्तकात म्हटलंय, इथे आधी समुद्र होता."

"बरं," कॅमेऱ्यामागून शिरीष म्हणाला.

"बोलला," सासूबाई म्हणाल्या.

मी मुळात अबोल बाई. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते, म्हणजे दिवसभर लोकांना गप्प बसवते. पण प्रेक्षणीय स्थळ आणि माहितीचं पुस्तक एकत्र आलं, की माझ्यातला मास्तर तास घ्यायला उभा राहतो.

दुसऱ्या तुकड्यात शिरीष अगदी स्पष्ट म्हणाला, "जरा थांब, वारा रेकॉर्ड करतो."

"कर ना. या वाऱ्यानेच ही कमान कोरलीय. कशी, ते सांगते."

आणि सांगितलं. मागे सूर्य मावळला.

"वहिनी, हा सूर्यास्त फास्ट केलाय का?" मकरंदने विचारलं.

"नाइन, अजिबात नाही," इरा म्हणाली. "ती खरंच तेवढा वेळ बोलतेय."

तिसऱ्या तुकड्यात दोन सुळके आले. या दोन बहिणी, प्रियकरांची वाट बघता बघता दगड झाल्या, असं मी पुस्तकातून साभिनय वाचून दाखवलं. मग रस्त्याला फाटा आला.

"मला वाटतं, डावीक..."

"पुस्तकात उजवीकडे आहे."

चित्र हललं, वाळू उडाली, चित्र तिरपं झालं आणि तिरपंच राहिलं. गाडी रुतली होती. त्या तिरप्या चौकटीत एक स्थानिक बाई ट्रक घेऊन आल्या. त्यांनी आमच्या गाडीला दोर बांधला. दोर ताणलेला असताना मी त्यांना त्यांच्याच सुळक्यांची दंतकथा सांगितली. (हे मी विसरले होते. कॅमेरा विसरला नव्हता.) त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, ही गोष्ट माझ्या आजोबांनी रचली, सिनेमावाले आले होते, त्यांना काहीतरी हवं होतं. आम्ही त्यांना नुसते सुळकेच म्हणतो.

"पण पुस्तकात तसं नाहीये," मी म्हणाले.

कॅमेऱ्यामागे शिरीष हसला. पोटातून, मोकळं. चित्रसुद्धा हलायला लागलं. सासूबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. हसता हसता तो काहीतरी सांगू लागला, "अगं, तुला..." आणि मी म्हणाले, "हसतोयस काय, पान एकशे बारा बघ."

पान एकशे बारा मी वाचून दाखवलं. पुढचं त्याचं वाक्य त्याखाली कायमचं गाडलं गेलं.

"सुनीता, जरा त्याला बोलू दे गं," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"अहो आई, मी गप्पच आहे," मी खुर्चीतून म्हणाले.

"तुला नाही. तिला सांगतेय."

ती ऐकेना.

फिल्म संपली. मकरंद प्रोजेक्टरची वायर उगाच दोनदा गुंडाळत राहिला. सासूबाईंनी यंत्र काढून डबीत ठेवलं. "दिसायला छान केलीय त्याने," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी इराला म्हटलं, माझा आवाज काढून टाक आणि त्याचा तेवढा ठेव. तिने दुपारपर्यंत केलं.

"ममा, दास वार्स. एवढंच आहे."

"बाकीचा कुठाय?"

"बाकी सगळीकडे तू आहेस."

सहा वेळा 'बरं'. एकदा 'जरा थांब, वारा रेकॉर्ड करतो.' एकदा 'पाणी आहे का?' अर्धवट 'डावीकडे'. ते हसणं आणि 'अगं, तुला'.

सासूबाई ते फोनवर घेऊन पुण्याला गेल्या. सकाळी चहाबरोबर ऐकतात म्हणे. माझ्याकडेही तेच आहे. सगळे मिळून एकोणीस सेकंद. ते ऐकतानाही मी मध्ये बोलते.