शेजारच्या काकांचं नाक

आमच्या शेजारच्या काकांना देवानं आधी नाक दिलं आणि मग ते ठेवायला कुठंतरी जागा हवी म्हणून बाकीचा माणूस बनवला, असं माझं प्रामाणिक मत आहे. नाक दिसायला तसं साधंच, किंचित बसकं, चष्मा टिकवून धरण्यापलीकडे ह्याला काय जमणार असं वाटायला लावणारं. पण नागावच्या आमच्या आळीत त्या नाकाचा जो दरारा होता, तो सरपंचाच्याही वाट्याला कधी आला नाही. सरपंचाला चुकवून माणूस वाडीतून मागच्या मागे निसटू शकतो. काकांच्या नाकाला चुकवून आमच्या आळीत कुणाला साधा पापडसुद्धा भाजता येत नसे.

त्यांच्या आणि आमच्या वाडीच्या मधे दगड रचून केलेला कंबरभर उंचीचा गडगा आहे. सकाळी चहाची कपबशी घेऊन काका त्या गडग्याशी उभे राहत आणि आमच्या स्वयंपाकघराचं जाहीर समालोचन करत. "सूनबाई, आज बिरडं हाय नं? वा वा! पन फोडणीत लसूण जळला गो जरासा." सूनबाई म्हणजे माझी बायको. लसूण जळला हे घरात नवऱ्यानं म्हटलं तरी चार दिवस पुरतं. इथं तर ते रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यालाही ऐकू जाई आणि तो मान डोलावून पुढे जाई. "ह्यांच्या नाकात कुणीतरी तपकिरीची डबी रिकामी करा हो," असं ती दातओठ खात म्हणे. शेवटी तिनं स्वयंपाकघराची खिडकीच लावून घ्यायला सुरुवात केली. मे महिन्यात, आमच्याकडच्या उकाड्यात, खिडकी लावून मासे तळणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पण काकांपुढे खिडकीची काय मात्रा चालणार? "सूनबाई, खिडकी लावून बांगडे तळू नको गो, वास घरात कोंडतो," हा सल्ला गडग्यापलीकडून आलाच.

काकांची नोकरी खताच्या कारखान्यात झाली. जन्मभर अमोनियाच्या संगतीत काढलेल्या माणसाचं नाक शाबूत कसं राहिलं, अशी शंका मी एकदा बोलून दाखवली. काका दुखावले. "मास्तर, भांडं राखेनं घासलं तर झिजतं का लख्ख होतं? माझं नाक अमोनियानं घासलेलं हाय." मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे गप्प बसलो. विज्ञानाचे सर आमच्याच आळीत राहतात, तेही गप्प बसले. काकांशी वाद घालून हिवाळ्यातल्या पोपटीचं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या बेताचं, आमंत्रण घालवण्याइतकं विज्ञान त्यांना प्रिय नव्हतं.

मासळीवाली आमच्या आळीत शिरताना आधी काका घरी आहेत का ते बघे. एकदा तिनं पाटी उतरवली नाही तोच काका हजर. पाटीवर वाकले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे म्हावरं कालचं हाय." बाई उसळली. "कालचं व्हय? आता होडीवरून उचलून आनलंय! आधी नाक घरी ठेवून ये काका, मंग भाव बोलू." काकांनी भाव केलाच नाही. आम्ही केला, आणि संध्याकाळी मांजराची चंगळ झाली. लग्नाकार्यातही हीच तऱ्हा. आचारी मसालेभातावर झाकण ठेवतो न ठेवतो तोच मांडवातून हाक येई, "खाली लागतोय रे!" आणि तो खरोखरच खाली लागत असे. आमच्याकडच्या एका आचाऱ्यानं तर सुपारी घेताना अट घातली होती की काकांना वाऱ्याच्या उलट बाजूला बसवायचं.

शनिवार-रविवार आला की काकांच्या नाकाला जादा काम पडे. आमच्या गावात ज्याच्या वाडीत चार माड आहेत त्यानं त्यांच्या सावलीत दोन खोल्या बांधल्या आणि फाटकावर इंग्रजीत पाटी टांगली. मग पाहुण्यांच्या गाड्या लागल्या. काका गाडीचा नंबर न बघता गाव सांगत. मुंबईकर अत्तर अंगावर ओततात आणि पुणेकर नुसतं बूच हुंगून घराबाहेर पडतात, हा त्यांचा सिद्धांत. ह्या पाहुण्यांची फसवणूक झालेली मात्र त्यांना खपत नसे. एकदा आम्ही रिक्षातून येत असताना रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. एक पाहुणी त्यांच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेत होती. काकांनी रिक्षा थांबवली, माळ नाकाला लावली आणि भर रस्त्यात निकाल दिला, "हा आपल्याकडचा कांदा न्हाय." विकणारा वैतागला. "काका, तुमचं काय जातंय?" "गावाचं नाक जातंय!" काका गरजले. पाहुणीनं ह्याचाही फोटो काढला आणि कांद्याची माळ घेतलीच, कारण ती फोटोत छान दिसत होती. घरी येईपर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत, जणू माळ मीच ओवली होती.

पण ह्या सगळ्या किरकोळ लढाया. काकांच्या नाकाचं खरं सिंहासन म्हणजे पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे मडक्यात भांबुर्ड्याचा रानपाला पसरतात, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा घालतात, तोंडाशी पुन्हा पाला कोंबतात आणि मडकं उपडं ठेवून भोवती झावळ्या-पेंढ्याचा जाळ करतात. आत पाण्याचा थेंब नसतो. मडक्यात डोकावता येत नाही, ढवळता येत नाही. झालं की नाही हे ओळखायला लोक मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकतात. काकांना हा प्रकार हीन वाटे. "आपल्या पोराला ताप आलाय का हे शेजाऱ्याला इचारतात का?" असं म्हणून ते जाळापासून हातभर लांब प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. आळी त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत बसे. मग एका क्षणी हात वर होई आणि हुकूम सुटे, "काढा!" त्या शब्दाआधी मडक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शेंगा अशा निघत की बोटानं दाबली की दाणा तोंडात.

मग साथीचं वर्ष आलं. काकांना ताप आला आणि गेला. माणूस बचावला ह्या आनंदात आम्ही बाकी काही विचारलं नाही. पण एक दिवस आमच्याकडे दूध उतू जाऊन पातेलं पार काळं झालं, आळीभर करपट वास सुटला आणि काका गडग्याशी उभे राहून शांतपणे चहा पीत राहिले. बायको अस्वस्थ झाली. "काका रागावलेत का आपल्यावर? बोलले नाहीत काही." ज्या बोलण्यासाठी तिनं खिडकी लावून घेतली होती ते ऐकू आलं नाही म्हणून ती दुपारभर जेवली नाही. पुढं काका बोलू लागले, पण वार बघून अंदाजानं बोलू लागले. गुरुवारी आमच्याकडे तळणीत पापलेट चुरचुरत असताना म्हणाले, "सूनबाई, वरणाचा वास झकास सुटलाय!" आम्ही वार पाळत नाही हे काकांना माहीत नव्हतं. नाकाला माहीत होतं, त्यामुळे त्यांना कधी विचारायची गरजच पडली नव्हती.

त्या हिवाळ्यातली पोपटी मी विसरणार नाही. संध्याकाळी जाळ पेटला, काका खुर्चीत बसले, डोळे मिटले. थोड्या वेळानं ओवा आणि भांबुर्ड्याचा असा घमघमाट सुटला की पलीकडच्या आळीतलं कुत्रंही येऊन बसलं. काकांचा हात वर होईना. घमघमाटात करपट वास मिसळला. हात वर होईना. मी विज्ञानाच्या सरांना हळूच म्हटलं, "जळतंय हो." सर म्हणाले, "मलाही येतोय वास. पण काका थांबलेत म्हणजे काहीतरी कारण असणार." सगळ्यांना नाक होतं आणि सगळी नाकं एकच सांगत होती, पण काकांच्या नाकासमोर आपलं नाक वर करायला कुणी तयार नव्हतं. अखेर मडकं तडकलं तेव्हा ते काढावंच लागलं. आतून शेंगांऐवजी कोळसे निघाले. आणि आमची आळी अशी की ते कोळसे चघळत दोघं-तिघं म्हणालेसुद्धा, "जुन्या पद्धतीची पोपटी अशीच असते, कडक." काकांनी एक काळी शेंग हातात घेऊन पाहिली, नाकाजवळ नेली, खाली ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून गडग्याशी कुणी आलं नाही. चार दिवसांनी काकू आमच्या मागच्या दारी आल्या. "कोनाला सांगू नका हां," त्या बायकोला म्हणाल्या. "ताप येऊन गेला तवापास्न ह्यांना कसलाच वास येत न्हाय. डागतरानं सांगितलं, येईल न्हायतर न्हाय येनार. आता म्हनतात, नाक गेलं हे कळलं तर आळीत मला कुत्रं इचारनार न्हाय. घराभायेर पडत न्हाईत." बायकोनं गळ्याची शपथ घेतली आणि ती इमानानं पाळली, फक्त काकूंनी तीच गोष्ट कोणाला सांगू नका असं बजावून आणखी पाच घरांत सांगितली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं आणि सगळी आळी एकमेकांपासून ते लपवू लागली.

मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. ह्या माणसानं आम्हाला इतकी वर्षं छळलं आणि आता ह्या छळाशिवाय सकाळ सुरू होत नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, वाल संपत आलेत. तुम्ही खुर्चीत बसल्याशिवाय मडकं लागणार नाही असं सगळ्यांचं ठरलंय." काका भिंतीकडे बघत म्हणाले, "कंबर धरलीय माझी." आतून काकू ठसक्यात म्हणाल्या, "कंबरेनं पोपटी काढायची न्हाय. चला, मी पन येते संगती."

काकू कधी जाळाजवळ बसत नसत, धूर सोसत नाही म्हणून. त्या दिवशी त्या काकांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या. बेत आम्हाला सांगायची गरज नव्हती. शेंगा झाल्या की काकूंनी खोकायचं, खोकला ऐकून काकांनी हात वर करायचा. जाळ जेमतेम पेटला होता तोच वारा फिरला, धूर काकूंच्या तोंडावर आला आणि त्या जोरात खोकल्या. काकांचा हात ताबडतोब वर. "काढा!"

कुणी हललं नाही. मडकं अजून नीट तापलंसुद्धा नव्हतं. काकू डोळे पुसत ओरडल्या, "आवो तो न्हाय! ह्यो धुराचा ठसका!"

काकांनी डोळे उघडले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कुणीच आश्चर्यानं बघत नव्हतं, त्यावरून त्यांना काय ते कळलं. हात हळूहळू खाली आला. मला वाटलं, आता हे उठणार आणि परत कधी येणार नाहीत. तेवढ्यात माझी बायको उठली, जाळात एक झावळी सारली आणि सहज म्हणाली, "काका, तुम्ही बसा निवांत. आम्ही सगळेच आहोत खोकायला."

आधी काकू हसल्या, मग काका हसले, चष्मा काढून पुसण्याइतके. पुढं वास सुटला, भरला, अगदी हवा तसा भरला. तेव्हा काकूंनी खोकण्याआधीच विज्ञानाचे सर खोकले, मी खोकलो, बायको खोकली, अख्खी आळी क्षयाची साथ आल्यासारखी खोकली. काका डोळे मिटून बसलेले. मान राखण्यापुरता एक क्षण त्यांनी आम्हाला थांबवलं, आणि मग हात वर केला. "काढा."

शेंगा खाऊन मंडळी पांगली तेव्हा काका मडक्यातला मऊ पडलेला पाला बोटांत चुरत बसले होते. मला म्हणाले, "मास्तर, तू भाषा शिकवतोस नं? सांग बघू, ह्याचा वास कसा येतो?" मी पाला नाकाला लावला. म्हटलं, हिरवा... थोडा ओव्यासारखा... धुराचा... कडवट, पण गोडही. काकांनी मान हलवली. "नापास," ते म्हणाले, आणि तो पाला त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

नाक अजून परत आलेलं नाही. काका मात्र सकाळी कपबशी घेऊन गडग्याशी येतात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आता सताड उघडी असते. फोडणी टाकली की माझी बायको खिडकीतून मान बाहेर काढते आणि दूधवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडते, "काका, आज बिरडं आहे हो! लसूण जरा जळला माझा!" काका चहाचा घोट घेतात. "मला मघाशीच कळलं गो," म्हणतात. मी आत जाऊन कढईत बघतो. लसूण छान बदामी असतो, एकही पाकळी जळलेली नसते.