भाऊजींनी नाव कमी केलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान ढुंढिराज सप्रे, रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. तरी अजून कुणी चहा मागितला तर तो लेखी का मागत नाही, असा त्यांचा चेहरा असतो. काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ते राहतात. मी प्रेमला, त्यांची मेहुणी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि आता संकठा घाटाजवळ एकटी राहते. माझी सुरेखाताई वैशाखात गेली. तेव्हापासून भाऊजींचा दुपारचा डबा मी नेते.

ते जेवतात आणि "छान झालंय" म्हणतात. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. छान झालंय, म्हणाले. मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. तेही छानच झालं होतं.

लोक म्हणतात, सप्रे मोठे धीराचे. तेरा दिवसांत डोळ्यांतून टिपूस नाही. ताईच्या साड्या, चपला, छत्री, सगळं शास्त्राप्रमाणे दान देऊन मोकळे झाले. मी जवळून बघत होते. धीरबीर काही नव्हता. माणूस सुन्न झाला होता आणि हात आपले आपण काम करत होते, एवढंच.

त्या हातांना कामही मिळालं होतं. नाव कमी करण्याचं. मृत्यूच्या दाखल्याच्या वीस झेरॉक्स काढून भाऊजी निघाले. आधी राशन कार्ड, मग मतदार यादी, गॅस, बँक, रेल्वेच्या दवाखान्याचं कार्ड. प्रत्येक खिडकीवर तोच अर्ज, तोच दाखला, दोन ठिकाणी सही, आणि पलीकडून "ठीक है बाबूजी, नाम कट जाएगा." घरी येऊन मला सांगायचे, "आज गॅसवरनं कमी झालं." जणू काही भाजी आणली. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीत ताईचं नाव राहिलं होतं, तर सेक्रेटरीबाईंच्या घरी जाऊन तेही खोडून घेतलं. त्या बिचाऱ्या रडायला लागल्या. भाऊजी म्हणाले, "खोडलंत तिथे आद्याक्षरं घाला खाली."

घरात मात्र एक वस्तू दान द्यायची राहिली होती, कारण ती ताईची आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. टीव्हीखालचं गेमचं खोकं. कुशल त्याला कन्सोल म्हणतो. कुशल ताईचा मुलगा, पुण्याला असतो. जानेवारीत त्यानं हे कोरं करकरीत यंत्र, आत सगळ्यांची नावं आणि आपलेही दोन-चार खेळ घालून, पाठवलं, म्हणजे पुण्याची सई आणि काशीची आजी एकत्र खेळतील. नात नऊ वर्षांची, आजी सदुसष्टची. मी हसले होते. पण ताईची तब्येत खालावली होती, जिने उतरणं बंद झालं होतं, आणि त्या खोक्यात तिला एक गाव सापडलं.

खेळात एक मोकळी जमीन मिळते. तिथे आपण घर बांधायचं, झाडं लावायची, शेजाऱ्यांशी बोलायचं. शेजारी म्हणजे बदकं, कासवं. ताईच्या गावात पोस्टमास्तर बदक होतं आणि ते तिला उशिरा पाणी घालण्यावरून बोलायचं. जिनं हयातभर खिडकीतली तुळस माझ्या भरवशावर सोडली, तिनं तिथे डाळिंबाची बाग उठवली. सई पुण्याहून आपल्या खोक्यातून यायची आणि कुंपणाशी सूर्यफुलं लावून जायची. शेवटच्या महिन्यात ताईला बसवत नसे. आडवी पडून दोन अंगठ्यांनी पाणी घालायची.

ही बाग त्या एका खोक्यातच होती. इतर खेळांची नक्कल कंपनीकडे राहते, या खेळाची राहत नाही, हे कुशलनं आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. ताई गेल्यावर सईनं फोनवर जाहीर करून टाकलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत मी येणार, आजीच्या नावानं तिच्या गावात शिरणार आणि सगळं तण काढणार. सहा महिने पाणी नाही म्हणजे केवढं माजलं असेल, याची तिला काळजी. त्या पोरीला काशीत दुसरं काही बघायचंच नव्हतं.

दिवाळीच्या दहा दिवस आधी कुशलचा फोन आला. मी तिथेच होते. फोन स्पीकरवर, कारण भाऊजी कानाला लावत नाहीत.

"बाबा, मी एक नवीन गेम घेतलाय. मोठा आहे, शंभर जीबीच्या वर. आम्ही येईपर्यंत तुमच्याकडे डाउनलोड करून ठेवा."

"दोन-तीन दिवस लागतील. काल गच्चीवर उड्या मारणाऱ्या बंदरानं केबल चावली. केबलवाला भैया म्हणतो, शामपर्यंत जोडून देतो."

"चालेल. मधे बंद पडलं तर जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. पण जागा कमी पडेल. क्रिकेटचा डिलीट करा, फुटबॉलचा करा. घाबरू नका, गेम काढला तरी आपण खेळलेलं आत राहतं. परत डाउनलोड केला की तिथूनच सुरू. फक्त आईचा गेम राहू द्या."

"म्हणजे पुस्तक रद्दीत गेलं तरी खुणेचा कागद आपल्यापाशी," भाऊजी म्हणाले. मला जे कळायला दोनदा ऐकावं लागलं ते त्यांना एकदाच ऐकून कळलं. कारकून तो कारकून.

त्यांनी काम हातात घेतलं ते अगदी रीतसर. क्रिकेट काढला. फुटबॉल काढला. डाउनलोड लावला आणि खुर्ची टाकून समोर बसले. किती उतरलं ते दाखवणारी टीव्हीवरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. बत्ती गेली की उठून यंत्र बंद, आली की चालू. मी म्हटलं, "भाऊजी, ते आपोआप होतं, तुम्ही पंचगंगा घाटावर एक फेरी मारून या." तर म्हणाले, "कुणीतरी हजर पाहिजे." ताईच्या शेवटच्या आठवड्यातही असेच खुर्ची टाकून बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर पट्टी अडली होती. टीव्हीवर लिहून आलं होतं, जागा अपुरी आहे. ताईचा खेळ त्यांनी राखला होता, त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मग आणखी कुठे जागा होते का बघायला ते एकेक पान उघडत गेले आणि एका पानावर थांबले. यंत्र वापरणाऱ्या माणसांची यादी होती. कुशल, सई, सुरेखा. ताईच्या नावापुढे तिनं निवडलेलं पोपटाचं चित्र होतं.

"नाव अजून इथे आहे," भाऊजी म्हणाले. फाइल अडकलेली सापडावी तसे.

मी पान वाढत होते. तीन जिने चढून गुडघे ठणकत होते आणि डोकं फिरलं होतं. टीव्हीवर इंग्रजीत सूचना आली. भाऊजींनी ती सवयीनं मोठ्यानं वाचली. या व्यक्तीचं नाव काढल्यास तिनं साठवलेलं सगळं पुसलं जाईल आणि परत आणता येणार नाही. काढायचं का? मी ते ऐकलं. मला इंग्रजी येतं. शब्द न् शब्द कळला आणि मी म्हणाले, "करा काय ते जल्दी, भात थंड होतोय."

त्यांनी होय दाबलं. यंत्रानं पुन्हा विचारलं, नक्की? त्यांनी पुन्हा होय दाबलं.

"इथे दाखला मागत नाहीत," ते म्हणाले आणि पानावर येऊन बसले. नंतर मोटारींचा एक खेळ काढला, मग पट्टी पुढे सरकली.

बागेचं माझ्या मनातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, ताई गेल्यापासून मलाही काही वाटत नव्हतं. मी फक्त चिडत होते, कारण चिडायला काही लागत नाही. त्या दुपारी घाई मीच केली, हे मी कुशलला अजून सांगितलेलं नाही.

धनत्रयोदशीला कुशल आणि सई आले. ताईचं वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे घरात फराळ नाही, कंदील नाही. शेजारच्या घरून मठरी आणि लाडू आले होते, तेवढेच. सईनं बूटसुद्धा काढले नाहीत, टीव्हीसमोर बैठक मारली.

"आजोबा, आजी कुठे आहे यात?"

"कमी केलं ना नाव," भाऊजी खुर्चीतून म्हणाले. "झालं ते काम मागच्याच आठवड्यात."

सईला अर्थ लागला नाही. तिनं आपल्या नावानं खेळ उघडला. एका खोक्यात एकच गाव असतं, म्हणजे आजीचंच यायला हवं होतं, पण मोकळी जमीन आली. मधोमध एक तंबू, आणि वर प्रश्न, तुमच्या गावाचं नाव काय ठेवणार? तिला वाटलं, चुकलं काहीतरी. यंत्र बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तंबू. तिसऱ्यांदा तिला कळलं. हातातला रिमोट तिनं जागेवर नीट ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"बाबा, मी गेम काढा म्हटलं होतं!" कुशल ओरडला. या घरात इतक्या मोठ्यानं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "गेम! आईला काढा नव्हतं म्हटलं!"

भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं. मग उठले, कपाटातून कोरा ताव काढला आणि टेबलाशी बसले. मी मागे जाऊन उभी राहिले. शुद्ध हिंदीत अर्ज चालला होता. सेवा में, श्रीमान व्यवस्थापक महोदय. मेरी पत्नी श्रीमती सुरेखा सप्रे का नाम मुझसे भूलवश कट गया है. कृपया पुनः जोड़ने की कृपा करें. खाली सही केली, तारीख घातली, आणि उरलेल्या झेरॉक्समधून दाखल्याची एक प्रत काढून टाचणी लावली.

"पत्ता सांग," ते कुशलला म्हणाले.

कुशलचा राग तिथेच ओसरला. तो जवळ जाऊन बसला. "बाबा, असं नाही होत ते. कुणाकडे अर्ज नाही करता येत."

"वरच्या कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. गेलं ते गेलं."

भाऊजी अर्जाच्या घड्या घालत राहिले. अर्धा, पाव, आणखी लहान. मग त्यांनी विचारलं, "तिनं किती जागा अडवली होती?"

कुशलनं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"सांग ना. तुझा खेळ शंभरच्या वर म्हणालास. तिची बाग किती होती?"

"बाबा, सोडा ना."

"किती?"

"एवढीशी. एखाद्या फोटोएवढी. काढली काय आणि ठेवली काय, जागेत काही फरक पडत नाही."

"फोटोएवढी," भाऊजी म्हणाले. त्यांनी अर्जाच्या घड्या परत उलगडायला घेतल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा, आमच्या सगळ्यांसमोर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं.

"मग राहिली असती की रे ती," ते म्हणाले.